डाव्या गुडघ्याचे नव्वद अंश

त्या हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात एक नियम होता, आणि तो कुठेही लिहिलेला नसल्यामुळे सगळे तो पाळत होते. घरचा पेशंट आपल्या हातात घ्यायचा नाही. विभाग सांभाळणाऱ्या मॅडमनी तर स्वतःच्या सासूबाईंनासुद्धा एका नवख्या मुलीच्या हवाली केलं होतं. सासूबाई त्यावरून वर्षभर रुसून बसल्या, पण चालायला लागल्या.

"तुझ्या बाबांना दुसऱ्या कुणाकडे तरी दे," मॅडम आपल्या हाताखालच्या जुन्या फिजिओला म्हणाल्या.

"माझ्याशिवाय ते कुणाचं ऐकायचे नाहीत, मॅडम."

"ते ऐकतील गं. मला काळजी तुझी आहे."

तिला हे बोलणं लागलं. नऊ वर्षं ती हेच काम करत होती. तिच्या हाताखालून गेलेले पेशंट तिला पाठीमागे कसाई म्हणायचे आणि बरे होऊन जाताना फुलं आणून द्यायचे. गुडघा बदलल्यावर पहिले काही आठवडे आतली जखम भरत असते, आणि भरता भरता ती सांध्याला करकचून बांधायला बघते. तेवढ्या दिवसांत पेशंट कितीही ओरडला तरी तो गुडघा वाकवावाच लागतो. हे तिनं शंभर जणांना समजावलं होतं. आता ज्याला समजवायचं तो आपला बाप आहे, एवढाच काय तो फरक, असं तिला वाटलं. शहाण्या माणसाची अक्कल कधी कधी अशी गहाण पडते.

बाबा एकतीस वर्षं शहराची बस चालवत होते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा झिजला होता. ऑपरेशन झकास झालं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि ती स्टिअरिंगमागेच काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण ड्रायव्हरच्या केबिनची पायरी उंच, आणि डेपोच्या डॉक्टरला गुडघा निदान शंभर अंश वाकलेला हवा होता. त्याहून कमी भरला तर फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं काम मिळणार होतं.

"दुसऱ्यांच्या गाड्या मोजत बसू? त्यापेक्षा मला भंगारात काढा," बाबा म्हणायचे.

रोज संध्याकाळी ड्युटीवरून आली की ती हात धुऊन त्यांना पलंगावर पालथं झोपवायची आणि घोटा धरून पाय मागे दुमडायला लागायची. बाबांची बडबड सुरू व्हायची. "मास्तरीणबाई, जरा दमानं. नवीन इंजिन आहे. पहिले हजार किलोमीटर हळूच चालवायचं असतं." ती हसायची. मग गुडघा अडायचा. अडल्यावर पुढे रेटायचं असतं, खरं काम तिथूनच सुरू होतं. पण तिथं आलं की बाबांची बडबड बंद पडायची. ते उशीत तोंड खुपसायचे आणि त्यांच्या पाठीवर घाम फुटायचा. स्वयंपाकघरात आई मिक्सर लावायची. भांड्यात काही नसतानाही लावायची, हे तिला ऐकू यायचं.

"बास गं," उशीतून आवाज यायचा. "आज बास. उद्या डबल कर."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिनं आणखी वीस वेळा वाकवला असता. या माणसानं तिला सायकल शिकवताना दीड महिना मागून पळत सीट धरली होती. तिनं घोटा सोडला. दुसऱ्या दिवशी डबल झालं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हात आखडता घ्यायची सवय लागायला चार दिवस पुरतात.

सहाव्या आठवड्यात सर्जनला दाखवायचं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी काढली. या पट्टीची एक भुजा मांडीला लावतात, एक नडगीला. चौऱ्याहत्तर. तिनं पुन्हा मोजलं, तरी चौऱ्याहत्तरच. या टप्प्याला नव्वद हवेत. नसतील तर सर्जन भूल देऊन गुडघा एकदाच जोर लावून मोकळा करतो, आणि त्याची वेळ हीच असते. हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

"किती?" बाबांनी विचारलं. आईही दारात येऊन उभी राहिली होती.

तिनं मांडीवरची भुजा बोटभर खाली सरकवली. पट्टी ऐंशी दाखवायला लागली. ऐंशीपासून नव्वदपर्यंतचं अंतर तिनं नोंदीच्या कागदावर पेनानं काटलं. आठवडाभरात खरोखरचे नव्वद करून दाखवू, मग लिहिलेलं खोटं राहणार नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. "नव्वद," ती म्हणाली. बाबांनी तिथल्या तिथे शिट्टी वाजवली.

सर्जन माणूस वाईट नव्हता, पण बाहेर रांग मोठी होती. त्यानं जखम पाहिली, एक्स-रे पाहिला, कागदावरचे नव्वद पाहिले. "घरीच फिजिओ असल्यावर काय बघायचं!" असं म्हणून त्यानं पुढची तारीख दिली. ती नुसती मान डोलावून बाहेर आली.

ते खरोखरचे नव्वद आलेच नाहीत. आता ती घाबरून रेटायला लागली होती, पण आतली जखम घट्ट होऊन बसली होती. दहाव्या आठवड्यात आकडा सत्तरवर घसरला. तिनं वेळ वाढवला, शेक दिला, सकाळीही एक फेरी सुरू केली. मॅडमना सांगावं असं रोज तिच्या मनात यायचं, आणि विभागात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप लागायचं.

तेराव्या आठवड्यात बाबा इस्त्रीचा गणवेश घालून डेपोत गेले. सुट्टी काढून तीही गेली. उभ्या बसचं दार उघडून डॉक्टर म्हणाला, "चढा. डावा पाय आधी." बाबांनी दांडा धरला आणि डावा पाय उचलला. पाय पायरीच्या अलीकडेच थांबला. त्यांनी दोन्ही हातांनी विजार धरून पाय वर ओढला, तरी तो पायरीला लागेना. आजूबाजूचे ड्रायव्हर एकेक करून दुसरीकडे बघायला लागले. ते तिला सगळ्यात असह्य झालं. डॉक्टरनं आपली पट्टी लावली आणि आकडा लिहिला, सहासष्ट. शेवटची तपासणी सहा आठवड्यांनी.

सर्जननं तिचा आणि डेपोचा, दोन्ही कागद शेजारी ठेवले. "सहाव्या आठवड्यात नव्वद होते आणि आज सहासष्ट. हे उलटं चाललंय. वाकणारा गुडघा असा मागे जातो तेव्हा आत काहीतरी बिघडलेलं असतं. जंतुसंसर्ग असेल, नाहीतर सांधा सैल झाला असेल. पाणी काढून तपासू आणि सोमवारी उघडून बघू."

पुन्हा उघडायचं! ती तोंड उघडणार एवढ्यात तपासणीच्या टेबलावर बसलेले बाबाच बोलले.

"साहेब, चूक माझी आहे. पोरगी ड्युटीवर गेली की मी पाय पसरून पडायचो. आळशी माणूस मी. उघडायचा तर उघडा, माझी काही तक्रार नाही."

असं म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. म्हणजे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून कोण जाणे, पण माहीत होतं. मुलीला पाठीशी घालायला हा माणूस पुन्हा टेबलावर आडवा व्हायला तयार होता, विनाकारण. तिला त्यांचा राग आला आणि स्वतःची किळस आली.

"नव्वद कधी झालेच नव्हते," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर होते. मी पट्टी सरकवली आणि वरचे मनानं लिहिले. आत काही बिघडलेलं नाही, सर. मी वाकवायचा तेवढा वाकवलाच नाही. उघडू नका."

सर्जननं चष्मा काढून ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी कळलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी भूल देऊन मोकळा केला असता," तो म्हणाला. "आता उशीर झालाय. जोर लावताना हाडही मोडू शकतं. तरी बेतानं करून बघतो. मॅडमना मात्र मला सांगावं लागेल."

बाहेर येताच बाबा भडकले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले.

"कशाला बोललीस? मी निस्तरत होतो ना!"

"बाबा, ते पुन्हा चिरणार होते तुम्हाला."

"चिरू दे की! माझी तर गेलीच आहे. दोघांतली एक तरी नोकरी राहिली असती."

बाबा कुबडी आपटत पुढे गेले, आणि त्या लांबलचक व्हरांड्यात दोनदा थांबून भिंतीला टेकले.

भूल दिल्यावर गुडघा पंचाण्णवपर्यंत गेला. पण तो टिकवायचा तर पहिले तीन आठवडे रोज झुंजायचं होतं. तिच्याकडून सगळे पेशंट काढून घेतले होते. चौकशी लागली होती आणि निकाल यायचा होता. तोवर मॅडमनी तिला पडद्याबाहेर खुर्चीवर बसवलं आणि नोंदींचा तक्ता हातात दिला. ही शिक्षा होती की दया, ते मॅडमनी सांगितलं नाही. आत बाबा होते आणि मॅडमचे हात होते.

पहिल्या दिवशी ब्याऐंशी. पाचव्या दिवशी शहात्तर. जखम पुन्हा आपलं काम करत होती आणि कुणाच्याही हाताला जुमानत नव्हती. बाबांनी थट्टा सोडून दिली होती. त्या विभागात ओरडणं नवीन नव्हतं, तिनं स्वतः कितीतरी जणांना ओरडायला लावलं होतं. पण बाबा आता तिला हाका मारत होते. ती त्या पडद्याआड बसली आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"अगं, ये ना गं आत! यांना थांबव ना!"

ती खुर्चीच्या कडा धरून बसून राहिली.

एकविसाव्या दिवशी मॅडमनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग हाका थांबल्या. आतून नुसतं धापा टाकणं ऐकू येत होतं. मॅडमनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"अडुसष्ट," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज दमला होता. "लिही."

तिनं पेन टेकवलं. आतून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, घरात काही मागताना यायचा तसा.

"सत्तर लिही गं. दोनच तर कमी आहेत."

सत्तर काय आणि अडुसष्ट काय, डेपोत दोन्हींची किंमत सारखीच होती, आणि हे बाबांनाही कळत होतं. तिनं अडुसष्ट लिहिलं, खाली सही केली, आणि त्यांना घरी न्यायला पडदा बाजूला करून आत गेली.