तव्यावरची तंबाखू

मुक्ताबाईनं मिश्रीसाठी तंबाखूची पानं तव्यावर चुरली आणि काळी होईपर्यंत उलथण्यानं परतत राहिली. घरभर धूर झाला. दारात बसलेल्या आदिनाथनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून दमलंय पोर, असं तिला वाटलं.

"कितवा दिस आज?"

"नववा."

"बघ की! मनावर घेतलं की सुटतंय. न सुटायला काय झालं?"

आदिनाथनं मान वळवून तव्याकडं पाहिलं.

त्याच्या गालाच्या आत डॉक्टरांना पांढरा चट्टा दिसला होता. तंबाखू आजच सोडा, नाहीतर पुढचं काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. त्याच दिवशी मुक्ताबाईनं लेकाच्या पुड्या, चुन्याची डबी, सगळं घंटागाडीत टाकलं. घरात आणखी कोणी तंबाखू खातं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिनं छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. मिश्री काय, दाताला लावायची असते. ती थोडीच कोणी खातं!

एरवी महिनाभर पुरणाऱ्या मिश्रीच्या डबीचा या खेपेला चारच दिवसांत तळ दिसला. मोरीच्या कठड्यावर काळं बोट उमटलं होतं, तिच्या बोटापेक्षा चांगलंच जाड. आधी तिला लेकाचा संताप आला. मग भिंतीला टेकवलेला तवा दिसला; त्यावर तंबाखू तर तिनंच भाजली होती. उरलेली मिश्री तिनं मोरीत ओतली, वर दोन तांबे पाणी टाकलं. लेकाला मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं. थापलेली भाकरी दोनदा मोडली. नातीनं पाणी मागितलं तर तिच्यावर ती अशी खेकसली, की पोरगी रडत शेजारी निघून गेली. मुक्ताबाईला स्वतःची लाज वाटली. तरीही तिनं फळीवरची रिकामी डबी काढली आणि कडेचं काळं नखानं खरवडायला बसली.

मान वर केली तर समोर आदिनाथ. कधी उठून आला होता कोण जाणे. तो तिच्याजवळ खाली बसला. तिनं डबी लपवली नाही.

"आदिनाथ, किती दिस राहतंय रं हे असं?"

त्यानं डबी तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

"ठावं न्हाय, आये. नऊ दिसांच्या म्होरं मी कवा गेलोच न्हाय."