ढोल्याच्या गोळ्या

दादा ढोल्याला घेऊन दवाखान्यात आला तो मनाशी ठरवूनच. "बेबी, याला आता शांतपणे झोपवून टाक. दारामागच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, बाहेर कसं यायचं तेच कळत नाही. मला बघून गुरगुरतो."

ढोल्या या दोघा भावंडांच्या वडिलांचा कुत्रा. वडील गेल्यावर तो दादाकडेच राहिला. बेबी जनावरांची डॉक्टर, पण दादाच्या घरी तिचं जाणंयेणं बेताचंच. तिने ढोल्याचा ओठ वर केला. हिरड्या कोरड्या ठणठणीत. उजेड टाकला तरी बाहुल्या मोठ्याच, आणि छातीत नुसती धडधड. एकट्या म्हातारपणाने असं होत नाही.

"याला काय देतोस?"

"काही नाही."

"दादा."

"रात्री भुंकतो म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या. तुझ्या वहिनीच्या असतात घरात, झोप येते त्यांनी. शेजारी डोकं खातात गं."

"रोज?"

"हल्ली एकीने भागत नाही."

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आठवण धरून ठेवायला मेंदूला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं. म्हातारपणी ते आधीच आटतं, आणि उरलंसुरलं या गोळ्या अडवून धरतात. तूच त्याला विसरायला लावलंस, आणि आता विसरतो म्हणून मारायला आणलंस."

"मी काय डॉक्टर आहे? मला काय कळणार?"

"बहीण आहे ना डॉक्टर. एक फोन करायला काय हात दुखत होते?"

दादा पट्टा टेबलावर टाकून निघून गेला.

ढोल्याला तिने आपल्या घरी नेलं आणि गोळ्या बंद केल्या. सुरुवातीला तो भिंतीकडे तोंड करून बसे. मग पाण्याचं भांडं आपलं आपण शोधू लागला, हाक मारली की कान टवकारू लागला. सगळं काही परत आलं नाही. जिना कसा उतरायचा ते त्याला पुन्हा जमलंच नाही. रात्री भुंकायचाही. शेजाऱ्यांकडे ती स्वतः जाऊन बोलून आली.

महिनाभराने दादा दारात उभा राहिला. ढोल्या धडपडत उठला आणि शेपटी हलवत थेट त्याच्या पायात घुसला. बेबीला दादाचा राग आला, आणि ढोल्याचाही.

"बघ, ओळखतोय मला," दादाचा आवाज ओला झाला. "नेऊ मग?"

"नाही."

"बाबांचा कुत्रा आहे, बेबी."

"भेटायला रोज ये. न्यायचा नाही."

दादा तिथेच फरशीवर बसला. तिने चहा टाकला, पण भांडं इतकं आपटून ठेवलं की ढोल्या दचकला.