वरचे वीस गुंठे

कुंथुनाथ मास्तरांनी सायकल कोळपं बांधाला टेकवलं आणि कमरेत हात देऊन तसेच वाकून उभे राहिले. पुढं सायकलचं एक चाक, मागं जमीन खरवडणारी लोखंडी पास, धरायला दोन दांडे. दोन ओळींच्या मधून ढकलत चालायचं, एवढंच ते अवजार. पण पंचाहत्तराव्या वर्षी तेही जड लागत होतं.

"आज्जा, किती ओळी झाल्या?" बांधावर बसलेल्या प्रियदर्शनीनं विचारलं. ही त्यांची नात, सहावीत होती.

"मोजू नगंस. मोजल्या की पाय जास्त दुखत्यात."

बोरगावच्या शिवारात मास्तरांची ही एक एकर काळी जमीन. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मास्तरांचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, तीही बिनपाण्याची. मुलगा जिनेंद्र बेळगावात कारखान्यात कामाला होता आणि जमेल तेव्हा शनिवारी घरी यायचा. दिवाळीत त्यानं सरळ सांगितलं होतं, "अण्णा, ह्या साली शाळू भरला तर रान तुमचं. न्हाय भरला तर शेजारच्या मारुतीरावांना उसाला देऊन टाकू. किती दिवस जीव काढणार?" मास्तर हो म्हणाले होते. काळ्या मातीनं पावसाळाभर पाणी पिऊन ठेवलेलं असतं. ते जाऊ द्यायचं नाही, एवढंच शेतकऱ्याचं काम. दरवर्षी ते गावातल्या रवळूची भाड्याची बैलं करायची. यंदा रवळूनं बैलं विकली आणि तो उसाच्या ट्रॅक्टरवर गेला.

"पण पाणी जातंय कुठं?" प्रियदर्शनीनं विचारलं. "खालीच हाय न्हवं?"

मास्तर खाली बसले. बसायला निमित्त मिळालं, तेवढंच बरं.

"देव्हाऱ्यातला दिवा बघतीस न्हवं? तेल खाली असतंय, जळतंय वर. त्याला वर कोण नेतंय?"

"वात."

"का? वातीत बारीक बारीक धागं असत्यात, त्यांच्या फटीतनं तेल आपसूक चढतंय. माती बी तशीच. दाबून बसली की ती वात होती. खालची ओल वर चढती आणि उन्हात उडून जाती. आपण वरची दोन बोटं माती मोडली की काय हुतंय?"

तिनं विचार केला. "वात तुटती."

"शाबास. आणि न्हाय मोडली तर काळी माती वाळून फाटती. मग भेगेतनं ऊन थेट आत शिरतंय आणि मुळं तटातटा तुटत्यात."

पलीकडच्या पाटावरून मारुतीराव ओरडले, "मास्तर! रिटायर हून सतरा वर्सं झाली, आता रानात बी शाळा भरवली व्हय? एका पोरीला एक मास्तर!"

"तुमी बी या, मारुतीराव. पहिलीत जागा हाय."

मारुतीराव हसले आणि पाटाचं दारं मोडून पाणी उसात सोडायला गेले.

मास्तरांनी पाच दिवस रोज सकाळी कोळपं ढकललं. सुरुवात रस्त्याकडून, म्हणजे खालच्या अंगानं केली होती. चढ चढून वर जायचा कंटाळा, दुसरं काही नाही. खालचे वीस गुंठे झाले आणि सहाव्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता येईना. कमरेत उसण भरली होती. सून राजश्रीनं तेल लावलं, गरम विटेचा शेक दिला आणि कोळपं माळ्यावर टाकून शिडी काढून घेतली.

मास्तर पडून राहिले. रोज संध्याकाळी प्रियदर्शनी शाळेतून येताना रानात जायची आणि खाटेपाशी येऊन बातमी द्यायची.

"आज्जा, वरच्या अंगाला भेगा पडल्यात. करंगळी जातीय."

"खाली?"

"खाली न्हायत."

चार दिवसांनी ती म्हणाली, "आता अख्खा पंजा जातोय."

मग एके दिवशी ती बाही वर सारून आली. कोपरापर्यंत हात मातीनं काळा झाला होता. मास्तरांनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी जिनेंद्र आला तेव्हा तो, मास्तर आणि प्रियदर्शनी असे तिघं रानात गेले. मास्तर काठी टेकत, मधे दोनदा थांबले. रानाच्या बरोबर मधून कुणी दोरी धरून आखावी तशी रेघ पडली होती. खाली शाळूचं ताट पुरुषभर उंच, कणसं टपोरी. वर पानं गुंडाळलेली, कणसं मुठीत मावतील एवढी.

प्रियदर्शनीनं खुरप्यानं खाली उकरलं. वरची भुसभुशीत माती बाजूला झाल्यावर वीतभर खाली काळीभोर ओली माती लागली. तिनं तिचा लाडू वळून बापाच्या हातात दिला. "पावसाळ्यातलं पाणी हाय हे, पप्पा."

"व्हय, पण अर्धंच रान भरलं," जिनेंद्र म्हणाला. "अण्णा, मातीनं पाणी धरलं हो. तुमच्या कमरेनं न्हाय दम धरला."

मास्तरांनी मान डोलावली. खोटं नव्हतंच ते.

"मग असं करू," जिनेंद्र म्हणाला. "वरचं वाळलंय, ते मारुतीरावांना देऊ. खालचं तुमी ठेवा."

"खालचं दे. वरचं राहू दे मला."

"अण्णा! भरलंय ते देता आणि वाळलंय ते ठेवता? वर माती बी उथळ हाय."

मास्तर दमले होते. त्यांनी नातीकडं बघितलं.

"पप्पा, वर ऊस लावला तर पाणी कुठं जाणार?" ती म्हणाली. "बांधाखालनं झिरपून खालीच की. आमच्या शाळूचं पाय कायम चिखलात. चार वर्सांत रानात मीठ फुटंल, त्या वढ्याकडंच्या रानावानी."

"आणि खालचं पाणी वर चढणार न्हाय? वातीतनं चढतंय म्हणालीस की फोनवर."

"वातीतनं चढतंय हातभर," मास्तर म्हणाले. "चढ चढून, बांध ओलांडून न्हाय चढत. मी सुद्धा न्हाय चढलो, म्हणून तर वरचं राहिलं."

खालून सुरुवात केल्याची ती चूक त्यांना तीन महिने सलत होती. पाच सकाळी ज्याच्यात गेल्या, तेच आता द्यायचं.

"आणि पुढल्या साली हे वरचं कोळपणार कोण?" जिनेंद्रनं विचारलं.

मास्तर खाली बसले.

"पाना हाय काय घरात?" जिनेंद्र म्हणाला.

"कशाला?"

"कोळप्याचा दांडा तुमच्या मापाचा हाय. मला लई बुटका पडतोय."

"तू येणार शनिवारी. भेग शनिवारची वाट बघत न्हाय."

"मग गुरुवारी फोन करा. रजा टाकून येतो."

"आज्जा इसरंल," प्रियदर्शनी म्हणाली. "मी करीन. करंगळी जायच्या आधी."

दिवस कलायला आला होता. जैनाच्या घरात दिवे लागायच्या आत जेवायचं, म्हणून राजश्री वाट बघत असेल. मास्तरांनी उठायला हात पुढं केला. एका बाजूनं मुलानं धरलं, दुसऱ्या बाजूनं नातीनं. तरी उठायला वेळ लागलाच.