मागच्या खोलीची भिंत

आमची चूक पहिल्याच दिवशी झाली. घर बघायला गेलो, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं आणि माझा नवरा म्हणाला, "नमस्कार काका." घर विकणाऱ्याला साहेब म्हणावं, मालक म्हणावं, नाहीतर नुसतं खाकरावं. काका म्हटलं की पुतण्या व्हावं लागतं, आणि मग घासाघीस कुठल्या तोंडाने करणार? पण माझा नवरा पहिल्यापासून भिडस्त. कुणी पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणतो. भीड भिकेची बहीण, असं सासूबाई म्हणतात. ही बहीण आमच्याकडे कायमची मुक्कामाला आहे.

घर लहान होतं. वर दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, दारातून आत आलं की चार खुर्च्या मावतील एवढी जागा, आणि मागे एक खोली. त्या मागच्या खोलीसाठीच आम्ही घर घेत होतो. सासूबाईंना दमा आहे. आम्ही राहत होतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या खाली उतरायच्या फक्त दवाखान्यासाठी, तेही दोघांनी खुर्चीत बसवून नेलं तर. एरवी दिवसभर खिडकीत. खालून जाणाऱ्या माणसांना त्या टकलावरून ओळखतात. नव्या घराबद्दल त्यांनी एवढंच विचारलं होतं, "दारात खुर्ची टाकून बसता येईल ना गं?" मी म्हटलं होतं, "येईल."

व्यवहार ठरला, इसार दिला, आमचं घर विकलं गेलं. मग घर तपासायला इंजिनियर आला. त्याने नळ सोडून पाहिले, बटणं दाबून पाहिली, जिन्यावर उड्या मारल्या. मागच्या खोलीत काकू झोपलेल्या होत्या. त्यांचे पाय गेले होते, त्यामुळे पलंग हेच त्यांचं घर. त्यांची माफी मागून इंजिनियरने उशाकडच्या भिंतीला एक छोटं यंत्र टेकवलं. ते ओरडायला लागलं. तो ते वर सरकवत गेला, बाजूला सरकवत गेला, ते ओरडतच राहिलं.

"भिंत आतून भिजलीय," त्याने आम्हाला बाहेर येऊन सांगितलं. "पलीकडे न्हाणीघर आहे ना, त्याचा पाइप आत गळतोय. बरीच वर्षं गळत असणार. प्लॅस्टर फोडा, पाइप बदला, भिंत नीट वाळू द्या. दम्याचा माणूस तोपर्यंत इथे झोपवू नका."

काका तिथेच उभे होते. म्हणाले, "त्या यंत्राला काय कळतंय? चहाच्या कपाला लावलं तरी बोंबलेल."

तरीही दुरुस्ती करून द्यायचं त्यांनी कबूल केलं. आम्ही किंमत कमी करा म्हटलं नव्हतं, कारण आमचं जुनं घर रिकामं करायचं होतं आणि सासूबाईंना धुळीत ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आम्हाला खोली तयार हवी होती. काका कारखान्यात फिटर होते. "बाहेरचा माणूस कशाला? मी करतो," म्हणाले आणि कामाला लागले. इंजिनियरने दाखवलेलं सगळं त्यांनी केलं. कुरकुरणारं दार, सैल कठडा, गळका नळ. न दाखवलेलंही केलं. फाटकाला तेल दिलं, जिन्याच्या पायऱ्यांना पट्ट्या ठोकल्या. माझ्यासाठी स्वयंपाकघरात वरच्या फळ्या खाली घेतल्या, कारण मी बुटकी आहे हे त्यांनी पाहिलं होतं. मला सूनबाई म्हणायला लागले. भिंत तेवढी फोडली नाही. भिंतीला रंग दिला.

आमच्या दलालाचं नाव आम्ही 'होऊन जाईल' ठेवलं होतं. कारण काहीही विचारलं तरी तो तेच म्हणायचा. त्याला फोन केला. म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, समजावून सांगा, होऊन जाईल." नवरा समजवायला गेला आणि चहा पिऊन परत आला. काकांनी रंगाचा दुसरा हात दिला होता.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, रंग छान आहे."

मग मी गेले. माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी म्हणतात, सासरी मनात म्हणतात. आज काका नाही, काकू नाही, वाटेत सगळी वाक्यं घोटून ठेवली होती. भिंत फोडा, नाहीतर व्यवहार मोडा. व्यवहार मोडला तर आम्ही सासूबाईंना घेऊन कुठे जाणार, हे त्यांना कळता कामा नये, एवढंच सांभाळायचं होतं.

काका शिडीवर होते. रंगाचा तिसरा हात. धापा टाकत खाली उतरले. काकू पलंगावर, आणि खोलीभर रंगाचा वास. काकू खोकल्या. तो खोकला मी ओळखला. रोज ऐकते. आधी शिट्टीसारखी बारीक घरघर, मग छातीच्या तळातून येणारी ढास. मी इतक्या वेळा या घरात आले आणि मला तो ऐकू आला नव्हता, कारण मी भिंत बघत होते.

"काकूंना कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"वय झालं," काका घाईने म्हणाले. "हवामान. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून तर मुलीकडे चाललोय." मग भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "हिचे पाय गेले तेव्हा हे न्हाणीघर मी इथे लागून बांधलं. हिला लांब जायला नको म्हणून. पाइप मी टाकला, सांधे मी जोडले. चाळीस वर्षं हेच काम केलंय सूनबाई. माझा सांधा गळत नाही."

मला सगळं कळलं आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. भिंत फोडली की तो सांधा बाहेर येणार होता. मग काकू कशाने खोकत होत्या, हे काकांना कुणी सांगायची गरज उरली नसती. मला त्यांचा राग आला, त्यांची दया आली, आणि सासूबाईंची आठवण येऊन स्वतःचा संताप आला.

"इंजिनियर खुळा आहे. तुम्हीच हात लावून बघा." त्यांनी माझं मनगट धरलं आणि कालच्या रंगाच्या जागी माझा तळवा टेकवला. "सांगा हिला. कोरडी आहे ना?"

रंगाखालून गार ओल माझ्या हाताला लागली. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"कोरडी आहे," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला. "बघ," काकूंना म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" लगेच कागद आणला. दुरुस्ती झाली, आमची तक्रार नाही, असा. 'होऊन जाईल'ने तो आधीच तयार ठेवला होता. मी सही केली. काका चहा टाकायला आत गेले. जाताना शीळ घालत होते.

मी हात पदराला पुसत होते. काकूंनी ते पाहिलं. खुणेने जवळ बोलावलं.

"ओली आहे ना?"

मी मान डोलावली.

"मला माहीत आहे. माझी उशीच रोज भिजते. त्यांना बोलू नका हं." खोकल्याची उबळ येऊन गेली. मग त्यांनी माझा हात धरला. "पण तुमच्या सासूबाईंना या खोलीत झोपवू नका. वर झोपवा."

"हो," मी म्हटलं. "वर झोपवीन."

त्यांचं समाधान झालं. जिना चढता येत नाही म्हणूनच आम्ही हे घर घेतलं, हे त्यांना सांगून आता काय उपयोग होता?