छत्तीस गळे

गाणं चांगलं सुरू व्हायचं, पण शेवटच्या कडव्याला पोचेपर्यंत सूर खाली उतरायचा. वाद्य नाही, नुसते आवाज. त्यामुळे सूर घसरला तरी टेकायला काही नव्हतं. गाणं संपलं की गाणं बसवणाऱ्या बाई सूर देणारी छोटी शिट्टी फुंकायच्या आणि म्हणायच्या, "हा आपण निघालो तो सूर. आणि आलोय कुठे, ते ऐकलंत ना?" सगळे ओशाळून हसायचे, पाणी प्यायचे, आणि पुन्हा तेच.

हा गायकवृंद म्हणजे हौशी मंडळी. पोस्टमन, बेकरीवाला, दोन शिक्षिका, एक वायरमन, अशी मिळून छत्तीस माणसं शाळेच्या सभागृहात जमायची. "आकडाच छत्तीसचा, मग जमणार कसं?" असं बेकरीवाला दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी एकटाच हसायचा. त्यातच दातांची डॉक्टर आणि तिची मोठी नणंदही होत्या. नणंदेचा आवाज खणखणीत, मत त्याहून खणखणीत. डॉक्टर तिसऱ्या रांगेत उभी राहायची आणि नणंदेच्या वाटेला फारशी जायची नाही. घरीही त्यांचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो ताई' एवढ्यावर भागायचं.

वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गायचं ठरलं होतं. तेवढ्यात बाई सायकलवरून पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. फोनवर त्या म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही शोधा, सूर का उतरतो ते. पाय मोडलाय, कान शाबूत आहेत. कार्यक्रमाला येऊन ऐकेन."

मग सभा भरली. जितकी माणसं तितकी कारणं. शिक्षिका म्हणाल्या, पुरुष खाली ओढतात. पुरुष म्हणाले, बायका उगाच वर चढवून ठेवतात. पोस्टमनच्या मते गाणंच लांबलचक होतं. कोणी मुद्द्याचं बोलायला तोंड उघडावं, तर तीन जण आधीच्या मुद्द्यावर तुटून पडलेले. नणंदेनं टेबल आपटून सगळ्यांना दोनदा गप्प केलं आणि दोन्ही वेळा स्वतःच बोलली. शेवटी एकच ठराव एकमतानं झाला: पंख्याच्या वाऱ्यानं घसा कोरडा पडतो, तेव्हा पंखे बंद. नाचता येईना अंगण वाकडं! घामाघूम होऊन गायले, आणि सूर नेहमीपेक्षा जास्त उतरला.

पुढच्या आठवड्यात सभागृहाला रंग द्यायला घेतला. मग जवळ राहणाऱ्या चौघाचौघांनी आपापल्या सोयीनं सराव करावा असं ठरलं. डॉक्टरच्या वाट्याला बेकरीवाला, वायरमन आणि नणंद आली. जागा म्हणजे तिच्याच दवाखान्यातली पेशंट बसायची खोली: चार खुर्च्या, जुनी मासिकं, भिंतीवर हसऱ्या दातांचं चित्र.

"इथं गायचं? माझी दाढ ठणकायला लागली बघ," नणंद म्हणाली.

"काढून देते, ताई. घरच्यांना सवलत आहे," डॉक्टरच्या तोंडून निघून गेलं. क्षणभर तीच दचकली. पण नणंद खो खो हसली, आणि गाणं सुरू झालं.

गाणं संपलं. वायरमननं खिशातून बाईंसारखीच सुराची शिट्टी काढून फुंकली. सूर जागच्या जागी होता.

"पुन्हा," नणंद म्हणाली. पुन्हा गायले. तिसऱ्यांदाही गायले. सूर ढळला नाही.

"तिकडे मग काय होतं आपल्याला?" डॉक्टरनं विचारलं.

वायरमननं मान खाजवली. "खरं सांगू? तिकडे शेवटच्या कडव्यात मी नुसते ओठ हलवतो. ती वरची उडी मला जमेलसं वाटत नाही. शेजारचे गातातच की. इथे चौघांत लपणार कुठे?"

डॉक्टर म्हणाली, "मीपण."

आता नणंदेकडे बघायची कोणाची छाती नव्हती. ती मासिकाचं पान उलटत होती. "मलाही दम पुरत नाही तिथे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण सगळे माझ्याकडेच बघतात. सांगू कशी?"

"म्हणजे शेवटचं कडवं गात होतं कोण?" डॉक्टरनं विचारलं.

बेकरीवाल्यानं हात वर केला. "मी. आणि मी बेसूर आहे, हे तुम्हाला माहीतच आहे."

हसून हसून चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी नणंद घरी गेलीच नाही लवकर. दवाखान्यामागच्या ओट्यावर दोघी चहा पीत बसल्या. "तू इतकं बोलतेस हे ठाऊक नव्हतं मला," नणंद म्हणाली. डॉक्टर म्हणाली, "तुम्ही इतकं ऐकता हे मला कुठे ठाऊक होतं?"

चौघांनी निष्कर्ष काढला: दम पुरत नाही, म्हणून शेवटच्या कडव्यात दुसऱ्या ओळीनंतर सगळ्यांनी श्वास घ्यायचा. सभागृह उघडलं तेव्हा मोठ्या ऐटीत त्यांनी हा उपाय मांडला. छत्तीस जणांनी एकदम श्वास घेतला, आणि गाण्याच्या मधोमध भलंमोठं भोक पडलं. "आणखी शहाणपण शिकवा!" पोस्टमन ओरडला, आणि झालं, पुन्हा बाजार भरला.

डॉक्टरला गर्दीत बोलायची सवय नव्हती. तरी ती खुर्चीवर चढली. नणंदेनं खालून खुर्ची धरली आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ती काय म्हणते ते ऐका आधी!"

"प्रत्येक चौकडीतनं एकानंच पुढे या," डॉक्टर म्हणाली. "उपाय नको. तुमच्याकडे काय झालं, तेवढंच सांगा."

नऊ जण गोलात बसले, बाकीचे भोवती. पोस्टमनचा गट घाई करत होता, पण सूर शाबूत. बहुतेकांचा शाबूतच होता. शिक्षिकांचा गट आणि आणखी एक गट मात्र घसरला होता, आणि दोघांनी एकच जागा सांगितली: तिसऱ्या ओळीतली ती वरची उडी. ऐकता ऐकता वायरमन ताडकन उठला. "म्हणजे आम्ही गप्प बसायचो ती जागा! दमाचं नाही हो, भीतीचं आहे. भित्रे तिथे गप्प होतात, उरलेले थोडे खालीच राहतात, आणि पुढचं सगळे त्या खालच्या सुरावरूनच गातात."

चौघांच्या खोलीत हे कळलं नसतं. त्यांना आपलंच दुखणं दिसलं होतं. आणि छत्तीसांच्या गोंगाटात वायरमननं आपली चोरी जन्मात कबूल केली नसती.

मग फार वाद झाला नाही. रांगा मोडून चौकड्याचौकड्यांनी, एकमेकांकडे थोडं वळून उभं राहायचं. चौघांनी श्वास आळीपाळीनं घ्यायचा. आणि उडीच्या जागी शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं. गाऊन झाल्यावर शिट्टी वाजली. केसभर खाली होता सूर. केसभरच. टाळ्या इतक्या वाजल्या की बाहेरची भिंत रंगवणारा रंगारी डोकावून गेला.

उद्घाटनाला बाई कुबड्या घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या. तिसरी ओळ आली तेव्हा डॉक्टरनं नणंदेकडे पाहिलं, नणंदेनं तिच्याकडे, आणि दोघी एकदमच वर गेल्या. बाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली, समाधानानं.

कार्यक्रम होऊन गेला, पुढचा अजून ठरायचा आहे. सहलीला कुठे जायचं यावर छत्तीस जणांचं अजूनही काही ठरलेलं नाही. पण गुरुवारी शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडतो, तेव्हा खोलीत तिघं आधीच येऊन बसलेले असतात. बेकरीवाला गरम पाव आणतो. नणंद बसल्या जागेवरूनच हाक मारते, "आटप गं, एकीवाचून अडलंय." आणि डॉक्टर हात पुसत पुसतच पहिला सूर लावते.