कपड्यावर इस्त्री असताना

मी एक जुनं टेबल आहे. अभ्यासाचं नव्हे, इस्त्रीचं. तरीही अभ्यासाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि इतकी वर्षं गप्प राहून माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे. तेव्हा मित्रांनो, आज ऐकाच.

सुताराने जाड फळ्या जोडून मला बनवलं ते एका शिंप्यासाठी. ते दुकान बंद झालं आणि मी या दोन खोल्यांच्या घरात आलो. माझ्यावर घोंगडी, तिच्यावर सुती चादर अंथरली गेली आणि आईचं काम सुरू झालं. आई लोकांचे कपडे इस्त्री करते, बाबा गठ्ठे पोचवून येतात. "घडी घालावी तर हिनेच," असं गिऱ्हाइकं म्हणतात. कौतुक सगळं तिचं, माझी पाठ भाजते ती कुणाला दिसत नाही. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

या घरात एक नियम आहे. कपड्यावर इस्त्री असताना आईला हाक मारायची नाही. एकदा आजोबांनी "माझा चष्मा कुठाय गं?" म्हणून हाक मारली, आईने मान वळवली आणि एका गिऱ्हाइकाचा निळा शर्ट जळला. त्याचा काळा डाग माझ्या अंगावर अजून आहे. तेव्हापासून आईने इस्त्री टेकवली की घर चिडीचूप होतं. आजोबा खोकलासुद्धा दाबून धरतात.

माझ्या उरलेल्या कोपऱ्यावर या घरची मुलगी अभ्यास करते. बडबडी आहे म्हणून तिला सगळे टिटवी म्हणतात. माझा एक पाय आखूड, त्यामुळे मी सतत डुगडुगायचो. मोठ्यांनी कधी चिंधी कोंबली, कधी कागद. टिटवीने पट्टीने फट मोजली, पुठ्ठ्याची जाडी मोजली, किती थर लागतील त्याचा हिशोब केला आणि तेवढेच थर चिकटवून पायाखाली सारले. त्यानंतर मी हललेलो नाही. अशी मुलगी गणितात नापास होते! आता सांगा, मी चिडू नको तर काय करू?

कारण मला पक्कं ठाऊक आहे. उदाहरण अर्ध्यावर आलं की "टिटवे, दार उघड." ती उघडून येते, पुन्हा जुळवाजुळव करते, तोच आजोबांचं "जरा बातम्या लाव गं." मग आईचं "एवढी बाही धर." परत येईपर्यंत मधली एक पायरी निसटलेली असते, वजाचं अधिक झालेलं असतं. शाळेतल्या बाई लाल पेनाने लिहितात, 'सुरुवात छान, उत्तर चूक.' ते छान कुठे संपलं आणि चूक कुठे सुरू झाली, हे बाईंना कसं कळणार? ते इथे घडतं, माझ्यासमोर.

आणि घरात काय म्हणतात? बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत, लाडाने म्हणतात, "आपल्या घराण्यात गणित कुणाच्या डोक्यात शिरलंय? तू कशाला जिवाला लावून घेतेस?" असा संताप येतो म्हणून सांगू! त्या डोक्यात काय काय आहे, ते यांनी कधी वाकून पाहिलंय का?

परवा बाईंनी आईला बोलावून घेतलं. शेवटची चाचणीही अशीच गेली, तर पुढच्या वर्षी टिटवीला गणित सोडून दुसरा विषय घ्यावा लागेल. टिटवीला मोठेपणी पूल बांधायचे आहेत. त्या दिवशी ती माझ्या कोपऱ्यावर डोकं ठेवून किती तरी वेळ रडली.

मग काय, सगळे मदतीला धावले. ती मदत काय वर्णावी! आजोबा दर थोड्या वेळाने, "जमतंय ना गं?" आई, "उजेड पुरतोय ना?" बाबा, "दूध देऊ का? डोकं चालेल." आज संध्याकाळी बाबांनी पुन्हा विचारलं, "झालं का गं?" आणि टिटवीने पेन आपटलं.

"बाबा, माझी इस्त्री कपड्यावर होती!"

कुणाला काही कळेना.

"आईच्या हातात इस्त्री असली की तुम्ही खोकतसुद्धा नाही," ती हुंदके देत म्हणाली. "मला मात्र दर ओळीला हाक! मग माझं जळणार नाही तर काय होणार?"

"अगं, आम्ही काळजीपोटीच विचारतो ना?" बाबा म्हणाले.

"मग काळजीपोटीच गप्प बसा की!"

आईने हातातली इस्त्री उभी केली. चादर-घोंगडी सरकवून तिने माझ्या अंगावरच्या डागावरून बोटं फिरवली. "शर्ट जळला तेव्हा वास तरी आला होता," ती हळूच म्हणाली. "हिचं रोज जळत होतं, आपल्याला पत्ताच नाही."

दार वाजलं. बाबा स्वतः उठले. आजोबांनी बातम्या बंद केल्या, अगदी जिवावर आल्यासारखं करत. टिटवीने डोळे पुसून उदाहरण पहिल्यापासून मांडलं.

चाचणी उद्या आहे. एका संध्याकाळच्या शांततेने वर्षाचं नुकसान भरून निघेल का, मला माहीत नाही, आणि त्याचीच चीड येते. हे घर काही वाईट नाही, मित्रांनो. माणसं जीव लावणारी आहेत. जीव लावता लावताच ती तिला ओळीओळीला तोडत होती. तुमच्या घरी कुणी मान खाली घालून गणित सोडवत असेल, तर तुमच्या मोठ्यांना माझ्या डागाची गोष्ट सांगा. म्हणावं, हाक मारायच्या आधी इस्त्री कुठे आहे ते पाहा.

आत्ताच आजोबांनी हाक मारायला तोंड उघडलं होतं. टिटवीचं पेन चालताना दिसलं तसं त्यांनी ते मिटलं आणि चष्मा शोधायला ते स्वतःच उठले. घरभर चाचपडून आले. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

आई-बाबांनी तोंडावर हात दाबून हसू आवरलं. टिटवी अजून शेवटच्या ओळीवर होती.