काचेतले बूट

मेरिल हॅस्केट चार वर्षं अमेरिकेचा अध्यक्ष होता, पण नेब्रास्कातल्या त्याच्या गावात कुणालाही विचारा, आधी बुटांचंच सांगणार. आठ वर्षांच्या मेरिलनं म्हणे बर्फाच्या वादळात आपले बूट गरीब एमिल कुचेराला काढून दिले! आज त्याच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं आणि ते बूट पहिल्याच दालनात काचेच्या पेटीत होते. खाली पाटी: 'कुचेरा कुटुंबाने साभार परत केलेले.'

गोष्ट खरीच होती हो, फक्त उलटी. ओढ्यात बूट घालवून रडत बसला होता तो मेरिल, आणि आपले काढून दिले ते एमिलनं. पायांना पोतं गुंडाळून दोन मैल चालला बिचारा, डाव्या पायाची दोन बोटं गेली. बूट मेरिलच्या माळ्यावरच राहिले. पुढे पहिल्या निवडणुकीत, जत्रेतल्या सभेत, मेरिलच्या तोंडून ती गोष्ट उलटी निघाली. बायका डोळे पुसायला लागल्या. मग काय, जीभ सोकावली. पार व्हाईट हाऊसपर्यंत तीच गोष्ट!

आता पेटीपुढे काठी टेकून एमिल उभा होता. शेजारी त्याची मुलगी लुड्मिला, हातात घरी भाजलेल्या कोलाचे नावाच्या गोड पावांचं ताट.

"तळाचा टायरचा तुकडा शाबूत आहे की," एमिल वाकून म्हणाला. "आमच्या बाबांनी ठोकला होता."

मेरिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "एमिल, मी तुझा फार मोठा..."

"मला काय सांगतोस? हिला सांग. शाळेत पोरं हिला 'बूटमागी' म्हणायची. रोज रडत घरी यायची."

लुड्मिला पेटीखालची पाटी वाचत होती. तिच्याकडे बघायची मेरिलची छाती होईना. निदान हिच्यासमोर तरी आज खरं बोलायचं, त्यानं ठरवलं.

संग्रहालयाच्या संचालकबाईंनी नाव पुकारलं तसा तो माइकपुढे गेला. लिहून आणलेलं भाषण घडी करून खिशात घातलं.

"बूट एमिलचे आहेत," तो म्हणाला. "त्यानं मला दिले. मी चाळीस वर्षं खोटं बोललो. मला लाज वाटते."

मग मागून कुणीतरी उठून टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळे उभे राहिले.

"बघा!" संचालकबाई लोकांकडे वळून म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस, पण श्रेय मित्राला देतोय!"

"अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? खरं सांगतोय मी!" मेरिल ओरडला.

टाळ्या आणखी वाढल्या.

तो खाली उतरला. एमिलनं त्याला शेजारी बसवलं.

"मीही सांगितलं होतं एकदा," तो हळूच म्हणाला. "तू गव्हर्नर झालास तेव्हा, बियाण्याच्या दुकानात. त्यांनी मला खोटारडा ठरवलं. तुझं नशीब बघ, तुला थोर ठरवतायत."

मेरिलनं मान खाली घातली. समोर एमिलच्या पायातला डावा बूट होता, पुढे पोकळ, चुरगळलेला.

संचालकबाई लगबगीनं माइक घेऊन आल्या. "आजोबा, साहेबांच्या मोठेपणाबद्दल दोन शब्द बोला ना!"

लुड्मिलानं ताट मेरिलच्या मांडीवर ठेवलं आणि बापाच्या हातात काठी दिली.

"चला, बाबा," ती म्हणाली. "आता यांचे पुन्हा आभार नाही मानायचे."